पहाटेची थंडी, दुपारचं ऊन आणि डोक्यावर मोळी: ऊसतोडीसाठी गरम टोपी कशी बेतायची

दादांचा प्रश्न थोडक्यात असा, की त्यांचं सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, मोहोळकडच्या एका मुकादमाने ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी २०० गरम टोप्या सांगितल्यात, बजेट नगाला १३० रुपये, तर कापड फ्लीसचं (पॉलिएस्टरचं मऊ, केसाळ गरम कापड) घ्यावं का लोकरीचं, आणि बाजारातली कानटोपी समोर ठेवून तसाच पॅटर्न काढला तर चालेल का.

मी अशोक चौकाच्या बाजूला आठ मशीनवर २२ वर्षं युनिफॉर्म आणि टोप्या शिवतेय, त्यामुळं आधी सरळ उत्तर देते आणि मग कारणं सांगते. फ्लीस घ्या, पण फक्त कानाला आणि मानेला, डोक्याला नको. डोक्यावर साधं कॉटन ड्रिल, म्हणजे दाट विणीचं जाडसर सुती कापड, एकेरी. आणि बाजारातली कानटोपी समोर ठेवू नका, ती रात्री कट्ट्यावर बसणाऱ्या माणसासाठी ठीक आहे, कोयता मारणाऱ्या माणसासाठी नाही.

आता तुम्ही म्हणाल की गरम टोपी सांगितलीय आणि ही बाई डोक्यावर एकेरी कापड लावायला सांगतेय. पण मला सांगा, त्या टोळीचा दिवस कसा असतो ते तुम्ही फडात जाऊन बघितलंय का? पहाटे साडेचार-पाचला अंधारात फडावर, जानेवारीत आपल्याकडं गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे १५-१६ डिग्री असतं, एखाद्या दिवशी त्याहून बरंच कमी, उसाच्या पानांवर दव असतं म्हणजे हात-डोकं ओलं, तोवर थंडी लागते हे खरं. पण अर्धा तास कोयता चालला की अंगातून वाफा निघतात, आणि दुपारी हेच सोलापूर ३० डिग्रीवर असतं, फेब्रुवारी-मार्चला तर त्याच्याही वर. म्हणजे तुमच्या टोपीला दोन-अडीच तास थंडीत काम आहे आणि पुढचे पाच-सहा तास उन्हात. जी टोपी फक्त पहाटेसाठी शिवली ती सात वाजता डोक्यावरून निघते आणि बांधावर पडते, तिथून ती हरवते नाहीतर बैल चघळतो. गरम करणं सोपंय हो, एक थर जास्त टाकला की झालं. खरं डोकं लागतं ते नको असलेली गरमी आणि घाम बाहेर कसा काढायचा यात, आणि तेसुद्धा माणसाने टोपी न काढता, चिकट झालेल्या एका हाताने.

ट्रॅक्टरवाल्याचं जरा वेगळं आहे. तो बसून असतो, अंगात गरमी तयार होत नाही आणि वारा लागतो. १० डिग्रीला २५ च्या स्पीडने ट्रॅक्टर चालला तर उघड्या कातडीला ७ डिग्रीसारखं वाटतं, आणि ट्रॉली रिकामी असताना ४० ने पळवला तर ६ सारखं. आकडा ऐकायला छोटा वाटतो पण रात्रभर कारखान्याच्या रांगेत उभं राहून परत येणाऱ्या माणसाला कानात सणक त्यानेच भरते. त्यामुळं २०० मधल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या टोप्या किती आणि तोडणीवाल्यांच्या किती हे मुकादमाला आत्ताच विचारा, एकच माल दोघांना देऊ नका.

माझा स्वतःचा घोटाळा सांगते म्हणजे घामाचा मुद्दा डोक्यात बसेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने लेहकडच्या रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या आपल्याकडच्या ४० पोरांसाठी टोप्या सांगितल्या. लेह म्हणजे साडेतीन हजार मीटर उंची आणि जानेवारीत रात्री उणे १४-१५. मी म्हटलं सोलापूरची बाई आहे मी, आपल्या टर्किश टॉवेलसारखं मऊ आणि जाड दुसरं काय आहे, तर अस्तराला चांगला भरीव टॉवेलचा कपडा लावला, वरून जाड ड्रिल, हातात घेतली तर गादीसारखी लागायची, ठेकेदारसुद्धा खूश. पंधरा दिवसांनी एका पोराने फोनवर फोटो पाठवला. टोपी दगडावर ठेवलेली, उलटी, वाडग्यासारखी ताठ उभी. दिवसा खोदकामात घाम आला तो टॉवेलने पिऊन घेतला, काम थांबलं, सूर्य डोंगरामागं गेला आणि तो घाम टोपीतच गोठला. पोराने खाली लिहिलं होतं, ताई यात चहा घेऊ का.

हसण्यावारी गेलं, पण तेव्हा कळलं की ऊब ही कापडात नसतेच, ती कापडात अडकलेल्या न हलणाऱ्या हवेत असते, आणि त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की खेळ खलास, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २४ पट जोरात उष्णता ओढून नेतं. कॉटन नुसत्या हवेतलासुद्धा साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, आणि टॉवेलची तर विणच पाणी पिण्यासाठी असते, त्याचे ते फासे म्हणजे लूप त्यासाठीच सोडलेले. मी पाणी प्यायचं यंत्र डोक्याला लावलं होतं. पुढच्या खेपेला त्याच पोरांना आतून पातळ पॉलिएस्टर निट, म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापड, मधे फ्लीस आणि वरून वारा अडवणारं दाट विणीचं टफेटा असं दिलं, तेव्हा काही तक्रार आली नाही.

पण गंमत बघा, जे लेहला चुकलं तेच आपल्या फडात थोडं उपयोगाचं आहे. इथं घाम गोठत नाही, वाळतो. तर कपाळाला टेकणाऱ्या पट्टीला आतून तीन सेंटीमीटर रुंद टर्किशची पट्टी जरूर लावा, घाम डोळ्यात उतरत नाही, कोयता हातात असताना डोळ्यात घाम जाणं म्हणजे बोट जाण्याचं काम. फक्त तीन सेंटीमीटर, हौसेने आख्ख्या टोपीला नको. टॉवेलच्या कारखान्यातून सेकंडचा माल किलोवर मिळतो तो घ्या.

आणि एक गैरसमज काढून टाका, कारण मुकादम नक्की म्हणेल की अंगातली निम्मी गरमी डोक्यातून जाते, डोकं जाड झाका. हे सगळीकडं सांगतात पण खरं नाही. डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण दहावा भाग, आणि गरमीही साधारण तेवढ्याच हिशोबाने जाते. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी अशा खोट्या समजुतींवर लेख लिहिला होता त्यात हीपण होती. पण कान, मान, कपाळ इथं थंडी जाणवते जास्त, आणि कान म्हणजे पातळ कूर्चा, त्याला मांसाची गादी नाही, दोन्ही बाजूंनी वारा लागतो. म्हणून कापडाचा पैसा तिथं घाला.

आता मुख्य गोष्ट जी कुठल्याच रेडिमेड टोपीवाल्याच्या डोक्यात नसते. मोळी. तोडलेला ऊस बांधून ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये, ट्रॉलीत चढवतात, बाया-माणसं दोघंही. म्हणजे तुमच्या टोपीच्या माथ्यावर दिवसभर वजन येणार. सहा पाकळ्यांची टोपी असते ना, क्रिकेटवाली, तिच्या सहाच्या सहा शिवणी माथ्यावर एका ठिकाणी येतात आणि वर बटण असतं. ते बटण मोळीखाली टाळूत घुसतं. चार पाकळ्या केल्या तरी गाठ माथ्यावरच. म्हणून तीन भागात बेता, मधे एक लांब पट्टी कपाळापासून मागे मानेवर जाणारी आणि दोन्ही बाजूला दोन अर्धगोल. माथा पूर्ण सपाट राहतो, शिवण कुठेच मधोमध येत नाही.

मापं देते, सगळी सेंटीमीटरमध्ये, तयार मापं आहेत, शिवणीला सगळीकडून एक-एक सेंटीमीटर वाढवा. ५८ च्या डोक्याला टोपी ६० ची धरा. मधली पट्टी १२ रुंद, साडेबत्तीस लांब. बाजूचा अर्धगोल खाली १८, उंची साडेअकरा. हिशोब जुळतो का बघा, पुढे १२, मागे १२, दोन बाजू १८-१८, झाले ६०. अर्धगोलाची गोल कडा टेप उभी धरून मोजा, ती पट्टीच्या लांबीएवढी साडेबत्तीसच्या आसपास आली पाहिजे, नाही आली तर पॅटर्नचा पुठ्ठा परत काढा, मशीनवर ओढून जुळवू नका, ओढलेली शिवण दोन धुण्यात टोपी वाकडी करते. शिवण उघडून दोन्ही अंगांनी टीप मारून चपटी बसवा. ओव्हरलॉक मारून सोडून दिलेली जाड शिवण मोळीखाली रुतते.

ड्रिल कापायच्या आधी धुऊन वाळवून घ्या, कृपा करून. कोरं कापड चार टक्के जरी आटलं तरी ६० चे साडेसत्तावन्न होतात आणि ५८ च्या डोक्याची टोपी ५६ च्या पोराला जाते. माझे पूर्वी एका ऑर्डरीत असे ३० नग घरी पडले होते, अजून आमच्याकडं मशीन पुसायला वापरतो.

वरचं कापड ड्रिलच का, फ्लीसच का नाही. दोन कारणं. पहिलं, उसाची कूस. फडात एकदा अर्धा तास उभे राहा मग कळेल, ती बारीक कुसळं अंगाला लागली की दिवसभर खाज. फ्लीस किंवा लोकरीची विण मोकळी, मऊ, केसाळ, त्यात कूस आणि पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचे, तुकडे असे रुततात की धुऊनसुद्धा निघत नाहीत, मग तीच टोपी दुसऱ्या दिवशी डोक्याला टोचते आणि माणूस ती फेकून जुना टॉवेल गुंडाळतो. दाट विणीचं ड्रिल झटकलं की साफ. याच कारणाने वेल्क्रो लावू नका. तो शोधलाच गेला कुत्र्याच्या केसांना अडकलेली कुसळं बघून, तर फडात त्याचं काय होणार, दोन दिवसात पाचटाने भरतो आणि चिकटायचा बंद होतो. दुसरं कारण शेकोटी. पहाटे टोळी पाचट पेटवून शेकत बसते, ठिणगी उडते. कॉटनवर ठिणगी पडली तर काळा डाग, फार तर भोक. पॉलिएस्टर फ्लीस वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. म्हणून फ्लीस आतल्या बाजूला, वरून ड्रिलने झाकलेलं, कडेला ड्रिलचाच गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली पट्टी.

फ्लीस १८० ते २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचं बघा, त्यापेक्षा जाड आपल्याला नको. दुकानात दोन गोष्टी करा, तळहातावर कापड ठेवून दुसऱ्या तळव्याने पन्नासेक वेळा जोरात घासा, गोळ्या धरल्या तर ठेवा तिथंच. आणि तोंडाला लावून फुंका, फुंकर आरपार जाणारच कारण फ्लीस वारा अडवत नाही, ते काम ड्रिलचं, पण दोन्ही एकत्र धरून फुंकल्यावर जाता कामा नये. ताण आडवा येईल असं कापा. शिवताना बॉल पॉइंट सुई, ११ नाहीतर १४ नंबर, टाका तीन-साडेतीन मिलीमीटरचा, बारीक टाका टाकला तर फ्लीस लाटेसारखं फुगतं.

लोकरीचं विचारलंय. लुधियानाकडून येणाऱ्या बऱ्याच माकडटोप्या लोकरीच्या म्हणून विकतात पण असतात ॲक्रिलिकच्या, वाईट नाहीत, पण कूस धरतात. खरी लोकर आपल्याकडं सांगोला-मंगळवेढ्याच्या धनगरांकडं आहे, घोंगडीची. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावलेली असते त्यामुळं ती जाड, ताठ, आणि पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की मेंढक्याला दुसरं काही लागत नाही, भिजली तरी ऊब सोडत नाही. मला विचाराल तर आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं थंडी-पावसाचं डिझाइन तेच, टोपी, रेनकोट आणि अंथरूण एकात. पण ती उभ्या माणसाची वस्तू आहे, काठीला टेकून मेंढरं बघणाऱ्याची. वाकून तोड करणाऱ्याच्या डोक्यावर ती राहत नाही, आणि लोकर इतकी भरड की कानाला लागली की खाजवून लाल.

आता कान-मान झाकणारा पडदा. एका कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंत सलग, लांबी ४५, खोली १३, कपाळासमोरचे १५ उघडे. बाहेर ड्रिल, आत फ्लीस. कानाच्या जागी फ्लीसला दहाच्या नाण्याएवढं गोल भोक पाडा, वरचं ड्रिल तसंच ठेवा. वारा अडतो पण ऐकू येतं. अंधारात फडात ट्रॉली मागे घेताना ओरडलेलं ऐकू आलं पाहिजे, कान बुजवणारी टोपी देऊ नका, यात मला तडजोड चालत नाही.

पडदा वर घडी करायचा कसा हा खरा प्रश्न. रशियन सैनिकांच्या टोपीचे कान माथ्यावर गाठ मारून बांधतात, फोटोत झकास दिसतं, पण आपल्या माथ्यावर मोळी येणार, तिथं गाठ नको. म्हणून पडदा आतल्या बाजूने नाही तर बाहेरून वर दुमडायचा आणि दोन्ही टोकांच्या नाड्या डोक्यामागे, कवटीच्या खालच्या खळग्यात बांधायच्या. थंडीत त्याच नाड्या हनुवटीखाली. सुती चपटी नाडी, एक सेंटीमीटर, लांबी गाठीला पुरेल तेवढीच, जास्त नको. लोंबणारी नाडी ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टजवळ, चाऱ्याच्या कडबाकुट्टीजवळ फार वाईट. आणि नाडी पक्की शिवू नका, एकच टीप, उलटी टीप नाही, म्हणजे कशात अडकून जोरात ओढली गेली तर नाडी तुटून यावी, मान ओढली जाऊ नये. आमच्या कारागीर बाईला हे पटेना, म्हणते ताई आपण कच्चं काम करतोय लोक नावं ठेवतील. ठेवू देत.

बायांच्या टोप्या. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी धरतात, म्हणजे तुमच्या तोडणीवाल्यांत निम्म्याच्या आसपास बाया असणार हे मुकादमाने तुम्हाला सांगितलेलं नसणार, तो फक्त आकडा सांगतो. मागे मी अशाच एका टोळीला टोप्या दिल्या, आठवड्याने गेले तर एका बाईने टोपीच्या मागची शिवण कोयत्याने चार बोटं उसवलेली आणि त्यातून अंबाडा बाहेर काढलेला, उसवलेल्या कडेला पातळाच्या काठाची चिंधी हाताने टाके घालून लावलेली, अगदी सुबक. मी टोपी परत मागून घेतली, तिला नवी दिली, आणि तिचं ते भोक मोजून पुठ्ठ्यावर उतरवलं, साडेसात उंच, पाच रुंद. तेव्हापासून बायांच्या टोपीला मधल्या पट्टीत मागच्या बाजूला तेवढी चीर ठेवून गोट मारते. तोच पुठ्ठा अजून चालतो. चिरेच्या खाली पट्टीत आठ सेंटीमीटर इलास्टिक घातलं की साइजही दोनच पुरतात, ५६ आणि ५९.

ट्रॅक्टरवाल्यांना माथ्यालासुद्धा फ्लीस द्या, मोळी नाही, घाम नाही, ऊब राहू दे. डोक्यामागं अडीच सेंटीमीटरची रिफ्लेक्टिव्ह पट्टी, रात्री पंक्चर काढायला रस्त्यावर बसतात तेव्हा मागून येणाऱ्याला डोकं तरी दिसेल. मोटरसायकलवर फिरणाऱ्या कोणाला ही टोपी हेल्मेटच्या आत घालायला देऊ नका, जाडीने हेल्मेट नीट बसत नाही, त्यांना पातळ निटची वेगळी.

खर्चाचं घाबरू नका. फ्लीसचा पन्हा ५८ इंच म्हणजे १४७ सेंटीमीटर, पडद्याचा तुकडा शिवणीसकट ४७ बाय १५, आडवे तीन बसतात, मीटरमध्ये सहा ओळी, म्हणजे मीटरला १८ टोप्या, २०० ला बारा मीटरमध्ये काम होतं, ट्रॅक्टरवाल्यांच्या माथ्याचं वेगळं धरा. म्हणजे फ्लीस हा खर्चच नाही, खर्च आहे तो शिलाईचा, आणि गोट मारण्यात वेळ जातो. मी असते तर रंगाचे चोचले सोडून एकच ड्रिल घेतलं असतं, मातकट, डाग न दिसणारा, पण बायांना विचारून मग. मागे खाकी दिल्या तर म्हणाल्या वॉचमन केलं का आम्हाला.

शेवटचं, २०० कापायच्या आधी पाच शिवा. दोन बायांना, दोन बाप्यांना, एक ट्रॅक्टरवाल्याला, आठ दिवस. आणि आठ दिवसांनी कशी वाटली असं विचारू नका, फुकटच्या टोपीला सगळे चांगली आहे म्हणतात. टोपी हातात घ्या आणि बघा. घामाच्या मिठाची पांढरी रेघ कुठं आलीय, पट्टीतच थांबली की माथ्यावर चढली. माथ्याची शिवण घासलीय का. नाड्यांना घड्या हनुवटीच्या जागी पडल्यात की मागच्या गाठीच्या, मागच्या घड्याच नसल्या तर पडदा वर दुमडायचं त्यांना जमत नाही किंवा माहीत नाही. आणि कुणी काही उसवलं, कापलं, बांधलं असेल तर ती टोपी आधी बाजूला काढून ठेवा, पुठ्ठा तिच्यावरूनच काढायचाय.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास येतात, म्हणजे सॅम्पल तेव्हाच देता येतील आणि थंडी डिसेंबरात. मधे तुमच्याकडं सहा आठवडे. युनिफॉर्मचा सीझन तेव्हा थंडच असतो, मशीन रिकाम्याच असतील.